केबल बंद, फुटबॉल चालू : लातूरच्या एका घरातल्या प्रकल्प नोंदी

१३ जुलै २०२५, रविवार

कामाचं नाव : घरची केबल बंद करणे, फुटबॉल ॲपवर आणणे. मुदत : १५ ऑगस्टची रात्र. त्या रात्री साडेबाराला लिव्हरपूल विरुद्ध बोर्नमथ, इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या नव्या हंगामाचा पहिला सामना.

कारण साधं आहे. महिन्याला ४५० रुपये केबलला जातात, आणि ज्या स्टार स्पोर्ट्स सिलेक्टवर आमचा फुटबॉल लागतो ती वाहिनी पॅकमध्ये कधी असते, कधी नसते. नसली की काळ्या पडद्यावर ‘केबलचालकाशी संपर्क साधा’ ही पाटी. संपर्क साधला की मामा (आमचे केबलवाले, सगळी गल्ली त्यांना मामाच म्हणते) सांगतात, “सर, वरूनच पॅक बदललाय.” वर म्हणजे नेमकं कुठं, ते आजवर कळलेलं नाही.

घरात बघणारे चौघं. आईला मालिका. बायकोला बातम्या, त्याही जेवताना. मी इंग्लंडच्या आर्सेनलचा. आणि भाचा, जो उदगीरहून नीटच्या तयारीला इथं आलाय; लातुरात निम्म्या घरांत असा एखादा भाचा-पुतण्या असतोच. तो स्पेनच्या बार्सिलोनाचा. म्हणजे एका छपराखाली दोन देशांच्या लीग, आणि प्रश्न तिथूनच सुरू होतो.

परवाची बातमी : आयएसएल (इंडियन सुपर लीग, आपली देशी फुटबॉल लीग) चालवणाऱ्या कंपनीने क्लबांना कळवलंय की येता हंगाम तूर्त थांबवलाय. फेडरेशनसोबतचा करार ८ डिसेंबरला संपतो आणि पुढचा ठरलेला नाही. आपल्या देशाच्या लीगसाठी कुठलं ॲप घ्यायचं हा प्रश्न त्यामुळे यादीतून आपोआप गेला. असा जायला नको होता.

२० जुलै, रविवार

कुठली स्पर्धा कुणाकडे, हे कागदावर उतरवलं. क्रिकेटवाल्या मित्रांना हे सांगून पटत नाही. त्यांची आयपीएल एका जागी लागली की दोन महिने चिंता नसते. इथं आर्सेनलचा साका शनिवारी एका ॲपवर खेळतो आणि मंगळवारी दुसऱ्यावर. दाखवायचे हक्क क्लबचे विकले जात नाहीत, स्पर्धेचे विकले जातात, आणि प्रत्येक स्पर्धा आपापला सौदा आपल्या वेळी करते. म्हणून ‘आर्सेनल कुठं दिसतं’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही.

प्रीमियर लीग : स्टारकडेच राहिली, म्हणजे आता जिओहॉटस्टार. जिओसिनेमा आणि हॉटस्टार यांचं यंदा १४ फेब्रुवारीला एकच दुकान झालं, त्यामुळे निदान एक ॲप कमी झालं. चॅम्पियन्स लीग, युरोपा लीग (युरोपभरच्या क्लबांच्या स्पर्धा) : सोनी, २०२७ पर्यंत. ला लीगा, म्हणजे स्पेनची लीग, मागच्या हंगामात एका नवख्या ॲपवर होती. यंदा कुणाकडे ते अजून बाहेर आलेलं नाही. भाचा रोज विचारतो, जणू हक्क मीच विकतोय.

यात एक गंमत. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी तीनला सुरू होणारे सामने टीव्हीवर दाखवत नाहीत. लोकांनी घरी न बसता मैदानावर जावं म्हणून ही जुनी बंदी. नव्या करारात तिथल्या दोन कंपन्या मिळून हंगामातल्या ३८० पैकी २७०च्या आसपास सामने दाखवणार. म्हणजे लंडनच्या माणसाला घरबसल्या जो सामना मिळत नाही तो औसा रोडला मिळतो, साडेसातला, चहा झाल्यावर.

भाव : जिओहॉटस्टार सुपर वर्षाला ८९९, दोन स्क्रीन, जाहिराती गळ्यात. फक्त मोबाइलचा ४९९. सोनीलिव्ह महिन्याला ३९९, वर्षाला १४९९. मोबाइलच्या रिचार्जसोबत ‘फुकट’ मिळणारं ॲप बऱ्याचदा मोबाइलपुरतंच असतं, टीव्हीवर लावायला गेलं की वरचे पैसे मागतं. आधी ती बारीक अक्षरं वाचायची, मग खूश व्हायचं.

गंजगोलाईजवळच्या एका दुकानात एक डबी दाखवली. “वर्षाला इतके भरा, जगातलं सगळं दिसंल.” दिसेल, पण ते चोरीचं. टेलिग्रामच्या लिंकाही त्यातल्याच. विषय बंद.

२ ऑगस्ट, शनिवार

ॲप कुठलं हा सोपा भाग निघाला. अवघड भाग तारेचा आहे.

आमच्याकडे फायबर आहे, ३० एमबीपीएसचा, भाच्याच्या ऑनलाइन लेक्चरसाठी घेतलेला. आकडा पुरेसा आहे. फुल एचडी सामन्याला साधारण ५ एमबीपीएस धरले तर दोन तासांत साडेचार जीबी जातात. मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीत हे बसत नाही, फायबरला त्याचं काही वाटत नाही.

पण गेले काही रविवार रात्री दहाच्या सुमारास नेट जातं. रोज नाही, पण गेलं की दहालाच जातं. लाइट असते, राउटरचे दिवे लागलेले असतात, फक्त एक लाल. मामांना विचारलं तर “सर्व्हर डाऊन.” तंत्रनिकेतनाच्या इलेक्ट्रिकल लॅबमध्ये उभा जन्म गेल्यावर ‘सर्व्हर डाऊन’वर विश्वास बसत नाही.

आज मामांच्या पोरासोबत तार धरत धरत गेलो. आमच्या घरातून निघालेली काळी तार दोन गच्च्यांवरून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या छज्जाखाली जाते. तिथं एक पत्र्याची पेटी. उघडली तर आत पाल, कोळिष्टकं, आठ तोंडांचा एक नेटवर्क स्विच आणि एक मीडिया कन्व्हर्टर (फायबरमधला उजेड साध्या तारेच्या सिग्नलमध्ये बदलणारा डबा), दोन्ही एकाच ॲडॉप्टरच्या बोर्डवर. बोर्डाची वायर दुकानाच्या मीटरवर. दुकानदार फक्त रविवारी रात्री शटर ओढताना मेन स्विच पाडतो. फ्रिजची लाइन वेगळी आहे, म्हणून त्याचं काही अडत नाही. रविवारी तो गिऱ्हाईक बघून उशिरा बंद करतो. गिऱ्हाईक कमी असलं की दहालाच. आमचा दुसरा हाफ त्याच्या गल्ल्यावर अवलंबून होता.

म्हणजे मी घरी इन्व्हर्टर लावू, राउटरला छोटा यूपीएस लावू, त्याचा उपयोग शून्य. मधल्या पेटीला लाइट लागते, आणि ती लाइट दुसऱ्याची आहे. फायबर घेताना विचारायचा प्रश्न ‘स्पीड किती’ हा नव्हेच. ‘मधे कुठं लाइट लागती का’ हा आहे. खरी पॅसिव्ह लाइन असेल, तर मामांच्या कंट्रोल रूमपासून आपल्या घरापर्यंत मधे फक्त काचेचा स्प्लिटर असतो. तो उजेडाचे फाटे फोडतो, त्याला वीज लागत नाही. कंट्रोल रूमला बॅटरी आणि जनरेटर दोन्ही आहेत. मामांनी मेन रोडच्या गिऱ्हाइकांना ही लाइन दिली आहे, आमची गल्ली जुन्या जमान्यातली.

मामांशी बोललो. गल्लीतल्या सहा घरांनी मिळून मागितलं तर ओढतो म्हणाले.

(काल खालिद जमील भारताच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक झाले. बऱ्याच वर्षांनी भारतीय माणूस.)

१० ऑगस्ट, रविवार

काल राखी. बहीण आली होती. ओवाळून झाल्यावर पहिलं वाक्य : “दादा, त्याला रात्री जागू देऊ नको. नीटचं वर्ष हाय.” भाचा ताटाकडे बघत बसला.

तह झाला. रात्री अकरानंतर सुरू होणारा सामना भाच्याला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सारांश बघायचा. आता सामन्यांच्या वेळांना भाव आला. सध्या इंग्लंडच्या घड्याळाच्या आपण साडेचार तास पुढं, त्यामुळे तिथले शनिवारचे सामने आपल्याकडे पाच, साडेसात आणि दहाला. रविवारचे साडेसहा आणि नऊला. हे घरात चालण्यासारखं. चॅम्पियन्स लीगचे बहुतेक सामने साडेबाराला, ते माझ्या एकट्याच्या डोक्यावर.

आईचा विषय आज काढला.

“कशाला बंद करायलास? एकशे चौदा दाबलं की लागतंय की.”

तिच्या वाहिन्या मांडल्या आणि उलगडा झाला. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर. सोनी मराठी सोनीलिव्हवर. म्हणजे माझ्या फुटबॉलसाठी जी दोन ॲप घ्यायची, त्यातच तिच्या बहुतेक मालिका येतात. उरते एक झी मराठी, तिच्यासाठी झी फाइव्ह. आजवर मला वाटायचं की फुटबॉलचा खर्च घरात पटवून द्यावा लागेल. आता उलटं सांगता येतं : आईच्या मालिकांसाठी दोन ॲप घेतोय, त्यात फुटबॉल आपसूक दिसतो. बायको म्हणाली, “हे आईंना सांगा, मला नका.”

सोनीलिव्ह महिन्याचं घ्यायचं की वर्षाचं, हेही यातच सुटलं. फक्त चॅम्पियन्स लीग बघायची असती तर हवे ते महिने निवडता आले असते. पण चार महिने घेतले की १५९६ होतात, वर्षाच्या १४९९ पेक्षा जास्त. आणि मालिका तर बारा महिने. वर्षाचंच.

राहिला प्रश्न एकशे चौदाचा. ॲपला नंबर नसतो.

१६ ऑगस्ट, शनिवार

रात्री साडेबारा ते अडीच. लिव्हरपूल ४, बोर्नमथ २. सेमेन्योने दोन मारून २-२ केलं होतं, मग किएझा, शेवटी सलाह.

तांत्रिक नोंद : टीव्हीचं स्वतःचं ॲप जुनं, सारखं अडखळत होतं, टीव्हीच्या मागं लावायची स्टिक आणली, काम झालं. वायफायवर चित्र मधेच पुसट व्हायचं. राउटर आतल्या खोलीत, मधे दगडी भिंत. जुन्या घरात भिंती वायफाय खातात. राउटर हॉलमध्ये आणला आणि ५ गिगाहर्ट्झवर स्टिक जोडली.

फुटबॉलचं चित्र पुसट झालं की पहिल्यांदा गवत जातं. मालिकेत मागची भिंत हलत नाही, त्यामुळे कमी डेटात भागतं. इथं कॅमेरा सतत डावीकडून उजवीकडे पळतो, सगळं मैदान हलतं, आणि डेटा पुरला नाही की गवताची हिरवी लापशी होते. लांब पासमध्ये चेंडू त्यात बुडतो. बातम्या झकास दिसल्या म्हणून लाइन चांगली असं धरू नये. लाइन तपासायची तर कोपऱ्यावरून मारलेला लांब चेंडू बघावा.

ला लीगाचंही कळलं : फॅनकोड. भाच्याने ही बातमी मला झोपेतून उठवून सांगितली.

१८ ऑगस्ट, सोमवार

काल रात्री नऊला मँचेस्टर युनायटेड विरुद्ध आर्सेनल. तुलनेसाठी म्हणून या महिन्यापुरतं सिलेक्ट एचडी केबलवर मुद्दाम घेतलंय. टीव्हीवर केबल, हातात मोबाइलवर ॲप.

तेराव्या मिनिटाला कॉर्नर. टीव्हीवर कालाफियोरीने डोकं लावून चेंडू जाळ्यात घातला, आम्ही ओरडलो, आई आतून “काय झालं रे” म्हणाली, तिला सांगून झालं, आणि मोबाइलवर डेक्लन राइस अजून कोपऱ्यात चेंडू ठेवत होता. अर्ध्या मिनिटाचा फरक सहज.

भाच्याला वाटलं आपलं नेट हळू आहे. तसं नाही. केबलला चित्र देणारा उपग्रह ३६,००० किलोमीटरवर असला तरी सिग्नलला वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो. ॲपवर चित्राचे काही सेकंदांचे तुकडे पाडतात, ते तुकडे वेगवेगळ्या दर्जात तयार करतात, सर्व्हरवर ठेवतात, आणि आपला प्लेअर दोन-चार तुकडे गाठीला जमल्याशिवाय खेळ सुरूच करत नाही. म्हणजे मागं पडणं हा त्याचा स्वभाव आहे. १०० एमबीपीएस घेतले तरी जाणार नाही.

त्रास शेजाऱ्यांचा नाही, गल्लीत फुटबॉल बघणारे आम्हीच. त्रास कॉलेजच्या ग्रुपचा. तिथले दोघं डीटीएचवर. उपाय : सामना चालू असताना ग्रुप म्यूट. आर्सेनल १-० जिंकलं.

१ सप्टेंबर, सोमवार

काल महालक्ष्म्या आल्या. मांडव टीव्हीच्याच भिंतीला, दरवर्षी तिथंच. मखराच्या मागं टीव्ही चादरीखाली. नऊला लिव्हरपूल–आर्सेनल. बायका फराळाच्या ताटात, मी जिन्यात मोबाइल घेऊन. ८३व्या मिनिटाला लिव्हरपूलच्या सोबोस्लाईची फ्री किक, एवढ्या लांबून. आर्सेनल ०-१. दुसरी स्क्रीन कामाची आहे अशी नोंद करतो. निकालाची करत नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, सुट्टी. म्हणून काल रात्री चॅम्पियन्स लीगचा पहिला दिवस पूर्ण बघितला. सव्वादहाला बिलबाओमध्ये आर्सेनल, २-० (मार्टिनेली, ट्रोसार्ड, दोघं बदली). अकराच्या आधी सुरू झालेला, म्हणून तहाप्रमाणे भाच्यालाही चालला. साडेबाराला रियाल माद्रिद–मार्सेय. एमबापेच्या दोन पेनल्टी, कार्वाहालला लाल कार्ड, २-१. हा मी एकट्याने.

सोनीलिव्हचं चित्र ठीक. एकाच वेळी चार सामने चालू असताना हवा तो शोधणं मात्र वैताग. रिमोटवर खालीवर करत बसायचं. आईची तक्रार मला पहिल्यांदा समजली.

सकाळी झेंडावंदन करून आलो तर बाबांचे जुने स्नेही बसलेले, निजामाच्या काळात जन्मलेले. फुटबॉलचा विषय निघाला आणि त्यांनी हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाबद्दल सांगायला सुरुवात केली. १९५० ते १९५४ सलग पाच वेळा मुंबईतला रोव्हर्स कप. तेव्हा आपण हैदराबाद राज्यातच होतो, १९५६ पर्यंत. त्या संघाचे गुरू सय्यद अब्दुल रहीम, ज्यांच्या हाताखाली भारताने १९६२ला जकार्तात एशियाडचं सुवर्ण जिंकलं. लातूरला लोक या बातम्या उर्दू पेपरात वाचायचे, म्हणाले. लाइव्ह वगैरे काही नव्हतं; निकाल कळायला दोन दिवस. मी अर्ध्या मिनिटाची तक्रार करत होतो ती गिळली.

२१ सप्टेंबर, रविवार

नवी लाइन आली. मामांनी शब्द पाळला. पेटीतलं सगळं काढलं, पाल पळाली, मेन रोडच्या स्प्लिटरवरून थेट ओढली. पोराने ती केसाएवढी काच सोलली, अल्कोहोलने पुसली, यंत्रात दोन टोकं समोरासमोर ठेवली. यंत्राच्या छोट्या पडद्यावर ती दोन ओंडक्यांसारखी दिसतात. मग एक ठिणगी आणि जोड. बघत राहावं असं काम आहे. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला, टीव्ही इन्व्हर्टरवर.

चाचणी : दुकानदाराला सांगून मेन पाडायला लावला. नेट चालू. त्याने विचारलं, “आता माझ्या लाइटचे पैसे?” मामांकडे बोट दाखवलं.

२९ सप्टेंबर, सोमवार

फुटबॉलची नोंद करावी असे दिवस नव्हते. आठवडाभर पाऊस. मांजरा, तेरणा, सीना, गोदावरी, सगळ्या पात्राबाहेर. आमचं गावाकडचं सोयाबीन काढणीला आलं होतं, पाण्यात उभं आहे. शेंगांना तिथंच मोड. धाराशिव, बीडकडे तर घरात पाणी.

काल रात्री तीन गोष्टी एकदम. आठला क्रिकेटच्या आशिया कपचा अंतिम सामना, भारत–पाकिस्तान, नऊला न्यूकॅसल–आर्सेनल, आणि सव्वानऊला लाइट गेली. गल्ली अंधारात, आमचा टीव्ही चालू. तासाभरात हॉलमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. सोनीलिव्हवर क्रिकेट अर्थातच टीव्हीवर गेलं, मी मोबाइलवर. तिलक वर्मा इकडं उभा, तिकडं ९६व्या मिनिटाला गॅब्रिएलने डोक्याने गोल केला आणि मी एकटाच ओरडलो. सगळे माझ्याकडे बघायला लागले, विकेट कुणाची गेली म्हणून.

यूपीएस पुरला. नवी लाइन पावसातही टिकली. याहून कडक चाचणी मुद्दाम घेता आली नसती, आणि कुणी घेऊही नये.

५ ऑक्टोबर, रविवार

केबल बंद केली. मामा स्वतः बॉक्स न्यायला आले. चहा झाला.

“सर, केबल बंद करायलात तं करा. नेट तं आपलंच हाय.”

खरंय. पूर्वी ते वाहिन्या द्यायचे, आता तार देतात. पैसे घ्यायला महिन्याच्या महिन्याला तेच येणार. त्यांच्या केबलची गिऱ्हाइकं दरवर्षी कमी होतायत आणि नेटची वाढतायत, त्यामुळे रागवायचं काही कारण त्यांना नव्हतं. मला मात्र ‘केबलवाल्यापासून सुटका’ असं जे वाटत होतं त्यावर पाणी. कंपनी बदलली तरी या गल्लीत खांबावर चढणारा माणूस एकच आहे.

आईसाठी : स्टिकच्या रिमोटवर माइक आहे. तिला बटण दाबून मालिकेचं नाव बोलायला शिकवलं. पहिल्या दिवशी ती रिमोटला “अहो” म्हणाली. तिसऱ्या दिवशी तिला कळलं की कालचा भाग आज दुपारीही बघता येतो. आता साडेसातची घाई नाही, शेजारणीकडे बसून येते आणि मग लावते. एकशे चौदा विसरली.

१५ ऑक्टोबर, बुधवार

काल मडगावला भारत १, सिंगापूर २. छांगतेने पुढं नेलं होतं. फुटबॉलच्या आशिया चषकाची दारं बंद. ताजिकिस्तानातल्या काफा (मध्य आशियाई फुटबॉल संघटनेच्या) स्पर्धेत ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरे आलो होतो तेव्हा आशा वाढल्या होत्या.

हे फॅनकोडवर बघितलं. तिथं पासाची पद्धत आहे, हवं तेवढंच विकत घ्यायचं. ज्याला मोजके सामने बघायचे त्याला हीच रीत परवडते. मोठ्या ॲपांनी ती आणली तर माझा निम्मा हिशेब बदलेल. आणणार नाहीत.

२० ऑक्टोबर, सोमवार

पहाटे अभ्यंगस्नान, डोळ्यांवर झोप. काल रात्री नऊला लिव्हरपूल १, युनायटेड २. मग्वायरचं डोकं, ८४वं मिनिट. ॲनफिल्डवर युनायटेडचा जानेवारी २०१६ नंतरचा पहिला विजय. बहीण, मेहुणे, सगळे इथंच दिवाळीला. मेहुणे युनायटेडचे निघाले. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे आत्ता कळतंय.

२६ ऑक्टोबर, रविवार

युरोपची घड्याळं आज पहाटे तासभर मागं गेली. आजपासून मार्चअखेरपर्यंत आपल्याकडे सगळं तासाने उशिरा : रविवारचा नऊचा सामना दहाला, शनिवारचा दहाचा अकराला, चॅम्पियन्स लीगचा साडेबाराचा दीडला. फ्रिजवरचा कागद बदलला. तहाप्रमाणे भाच्याचे शनिवारचे रात्रीचे सामने गेले. त्याने अकरा ‘नंतर’ की अकरा ‘पासून’ असा वाद घातला. वकील व्हायला हवा होता, नीट कशाला.

आज मात्र नशीब त्याचं. साडेसातला आर्सेनल–क्रिस्टल पॅलेस (१-०, एझे, आपल्याच जुन्या क्लबविरुद्ध), पावणेनऊला एल क्लासिको, म्हणजे रियाल–बार्सा. मधली पाऊण तासाची गल्लत दोन स्क्रीनवर भागवली. रियाल २, बार्सा १. एमबापे, फर्मिन, बेलिंगहॅम, सगळं पहिल्या हाफमध्ये. नंतर श्चेस्नीने एमबापेची पेनल्टी अडवली तेव्हा भाचा खुर्चीवर चढला. उपयोग झाला नाही. मुकाट पुस्तक घेऊन आत गेला.

३ नोव्हेंबर, सोमवार

काल टीव्ही आमच्याकडे नव्हताच. महिला विश्वचषकाचा अंतिम सामना, आई आणि बायको दुपारपासून बसून, पावसामुळे पाचला सुरू झाला. मध्यरात्रीच्या सुमारास दीप्ती शर्माने पाचवी विकेट घेतली आणि भारत ५२ धावांनी जिंकला. त्याच ८९९ मध्ये. आईने आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण सामना बघितला. शफालीला ती “आपली शेफाली” म्हणते.

हिशेब. केबल वर्षाला ५४०० होती. आता ८९९ अधिक १४९९, म्हणजे २३९८. वर झी फाइव्ह आणि फॅनकोडचे पास, तरी केबलच्या आत. राउटरचा यूपीएस आणि स्टिक एकदाचा खर्च. नेट यात धरलेलं नाही, कारण ते भाच्यासाठी आधीपासून होतं. ज्यांच्याकडे नेट नाही आणि फक्त केबल तोडून पैसे वाचवायचे आहेत त्यांनी ४०० रुपयांचा प्लॅन, वर १८ टक्के जीएसटी, असं महिन्याला धरून बघावं. मग बचत उरत नाही, फक्त सोय उरते. हे मी ऑफिसात दोघांना सांगितलं, त्यांनी केबल ठेवली. बरोबर केलं.

पुढची कामं : दोन्ही ॲपचं आपोआप नूतनीकरण बंद करणे, हंगामाच्या आधी भाव बघून मगच भरणे. चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना ३० मे, बुडापेस्ट. यंदा तो लवकर ठेवलाय, आपल्याकडे साडेनऊला, म्हणजे तहात बसतो, आणि तोवर नीट होऊन गेलेली असेल. वर्ल्ड कप ११ जून ते १९ जुलै, १०४ सामने, अमेरिकेतल्या वेळांमुळे बरेचसे मध्यरात्री आणि पहाटे. अंतिम सामना आपल्याकडे १९ जुलैच्या रात्री साडेबाराला, म्हणजे तारखेने २० जुलै. त्यासाठी आत्ता काहीही विकत घ्यायचं नाही. मामांना मात्र मे महिन्यातच सांगून ठेवायचं, वादळी पावसाआधी खांबावरची तार एकदा ताणून घ्या म्हणून.